चोर्ल्याला निघालो आणि उद्यमबागेत अडकलो (ऑटोमॅटिक डिझेल पिकअपवाल्यांनी वाचा)

निपाणीतनं पहाटे साडेपाचला निघालो, मी, बायको आणि मेहुणा. बेत साधा होता, बेळगावात नाश्ता, मग जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला दुपारचं जेवण. गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, सहा गिअरची ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, सात वर्षं झाली. तवंदी घाट, हत्तरगी टोल, वंटमुरीचा उतार सगळं झकास. पिरनवाडीच्या फाट्यावरनं उजवीकडं जांबोटी रोडला लागलो आणि कुसमळीच्या पुलाच्या अलीकडं चढाला गाडीनं गिअर घ्यायला उशीर केला, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतंय पण गाडी अर्धा सेकंद नुसतीच विचार करतेय. मी म्हटलं डिझेल खराब पडलं असेल. हा माझा पहिला गाढवपणा.

मागनं एक टेम्पोवाला हॉर्न मारत पुढं आला आणि हात बाहेर काढून ओरडला, "अण्णा, ऑइल सोराकत्तैती!" ऑइल गळतंय. तुम्हाला कन्नड येत नसलं तरी एवढं वाक्य पाठ करून ठेवा, या रोडला उपयोगी पडतं.

खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्सच्या चेंबरवरनं टपटप चाललेलं, आणि सायलेन्सरवर थेंब पडून जळका वास. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं बघितलं न बघितलं आणि निकाल दिला, गिअरबॉक्सचा सील गेलाय, गिअरबॉक्स उतरवायला लागणार. मेहुण्याचं डोकं चाललं म्हणून वाचलो. त्यानं बोट लावून टिश्यूवर पुसलं, लालसर. इंजिन ऑइल काळं असतं, कूलंट पातळ पाण्यासारखं असतं, हे लालसर आणि तेलकट म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. मग फडक्यानं सगळं खालनं पुसून काढलं, गाडी दोन मिनिटं चालू ठेवली आणि टॉर्च घेऊन परत आडवा झालो. तेल उगवत होतं पुढं, रेडिएटरजवळ, जिथं लोखंडी पाइपावर रबरी होज (नळी) वरनं टोपण दाबून बसवलेला, म्हणजे क्रिंप केलेला असतो, त्या टोपणाखालनं. तिथनं वाऱ्यानं मागं उडून गिअरबॉक्सला लागत होतं, म्हणून बघणाऱ्याला वाटतं गिअरबॉक्सच गळतोय. आधी पुसा, मग बघा. नाहीतर पन्नास हजाराचं काम दीड हजाराच्या होजपायी अंगावर येतं.

हे पाइप नेमकं करतात काय, तर गिअरबॉक्समधलं गरम तेल पुढं कूलरला नेतात आणि गार करून परत आणतात. एक गरम लाइन, एक परतीची. तेल कमी झालं की आतले क्लच घसरायला लागतात, घसरले की अजून गरम होतात, आणि मग खरंच गिअरबॉक्स उतरवायची पाळी येते. म्हणून गिअर पकडायला उशीर आणि खाली लाल डाग ही जोडी दिसली की चोर्ला बिर्ला विसरा, गाडी बंद.

टोइंगचं पण ऐका. मित्राची जीप आणून दोरीनं ओढत नेऊ, असं सगळेच म्हणतात. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंप फिरत नाही, चाकं फिरली की गिअरबॉक्स कोरडाच फिरतो. चारही चाकं वर घेणारी सपाट टो गाडीच बोलवा. पुढं कणकुंबीकडं गेलात की मोबाइलची रेंज ये-जा करते, त्यामुळं फोन करायचा तर जांबोटीच्या अलीकडंच करा.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला तर म्हणे पाइप मागवायला लागेल, आठ-दहा दिवस. टो गाडीवालाच म्हणाला, "काय करूलालाय तिथं जाऊन, उद्यमबागला चला की." आणि खरंच, बेळगाव म्हणजे फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सचं गाव, आणि उद्यमबागची औद्योगिक वसाहत खानापूर रोडलाच, आमच्या परतीच्या वाटेवर. होज क्रिंप करणारे तिथं सापडतातच.

दुकानातल्या काकांना मी शहाणपणानं विचारलं, प्रेशर सहन करेल ना? ते हसले. "प्रेशरचं सोडा ओ, हा होज जेसीबीला लावतात, तुमच्या लाइनीत असून असून किती असणार? गरमीचं बोला." मुद्दा तोच आहे. कूलर लाइनमध्ये प्रेशर थोडकंच, पण घाटात तेल शंभर डिग्रीच्या वर जाऊ शकतं आणि साधा हायड्रॉलिक होज शंभरपर्यंतचाच असतो. म्हणून जास्त तापमानाचा, एटीएफ चालणारा होजच मागा. पाण्याचा किंवा डिझेलचा होज कुणी क्लिप लावून देतो म्हणाला तर नको म्हणा, पाण्याचा होज तेलानं आतनं फुगतो, डिझेलचा एवढ्या गरमीला टिकेलच असं नाही, आणि ऐन घाटात निसटतो.

काकांनी जुनं टोपण हॅकसॉनं उभं चिरलं, पण पाइपाला ब्लेड लागू न देता, शेवटचा पापुद्रा स्क्रू ड्रायव्हरनं फाकवून. तिथं ओरखडा राहिला तर नवीन होज पण तिथनंच गळतो. अजून एक, जाड होज पाच इंच त्रिज्येपेक्षा लहान वळण घेत नाही, आमचा पहिला तुकडा चेसिसला घासत होता. काकांनी स्वतःच तो बाजूला टाकला आणि दुसरा दोन इंच जास्त लांबीचा कापून वर प्लास्टिकचं स्प्रिंगसारखं कव्हर चढवलं. रेडिएटरकडचा नट सोडताना दोन पान्हे लावा, एकानं मागचा धरून ठेवायचा, नाहीतर पाइप पिळवटतो. परतीच्या लाइनचा होज पण तेवढाच जुना होता, तो पण बदलून टाकला.

तेल भरणं हे वेगळंच प्रकरण. आमच्या गाडीला डिपस्टिक, म्हणजे तेलाची लेव्हल बघायची काडी, नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच एटीएफ घ्यायचं, गाडी सपाट जागी, इंजिन चालू, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवायचे, तेल साधारण 40 डिग्रीला आलं (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा) की खालचा चेक प्लग काढायचा, बारीक धार येऊन ठिबकायला लागली की लेव्हल बरोबर. तापलेल्या गाडीवर तेल फुगलेलं असतं, तेव्हा बघून समाधान मानू नका.

दोन्ही होज, तेल, मजुरी आणि टो मिळून सहा हजाराच्या आत भागलं. पण संध्याकाळ झाली, मुक्काम बेळगावात. बायकोनं तेवढ्यात कुंदा, बेळगावची दुधाची मिठाई, घेतला, दोन बॉक्स, एक रात्रीच संपला.

दुसऱ्या दिवशी कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा रिकामा बॉक्स उलगडून गाडीखाली सरकवला. वीस मिनिटांनी ओढून काढला, तर मधोमध एक डाग. माझ्या पोटात गोळा. मेहुण्यानं बोट लावून वास घेतला आणि म्हणाला, "भावजी, तूप आहे."