कामाइशीचा आलेख

11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर समुद्राची पातळी कशी चढत गेली, हे दाखवणारा एक छोटा आलेख माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर गेली कित्येक वर्षे चिकटवलेला आहे. तोक्यो विद्यापीठाने 1996 मध्ये इवाते प्रांतातल्या कामाइशी या किनाऱ्यावरच्या शहरापासून समुद्रतळावर टाकलेल्या केबलवरच्या, पाण्याचा दाब मोजणाऱ्या दोन दाबमापकांची ती नोंद आहे. रेघ आधी सावकाश, सुमारे दहा मिनिटांत दोनेक मीटर चढते आणि मग एकाएकी उभी होऊन आणखी तीन मीटर वर जाते. किनाऱ्यापासून सुमारे 76 किलोमीटरवरच्या दाबमापकाने हे आधी टिपले आणि सुमारे 47 किलोमीटरवरच्या दाबमापकाने तेच काही मिनिटांनी पुन्हा टिपले. भूकंपानंतर अर्ध्या तासाच्या सुमारास मात्र दोन्ही रेघा तुटतात, कारण ज्या लाटेची नोंद त्या करत होत्या, तिनेच किनाऱ्यावरचे केबल केंद्र उद्ध्वस्त केले. त्या तुटलेल्या टोकाशी माझी नजर दर वेळी अडखळते.

जपानच्या हवामान संस्थेने पहिला इशारा अवघ्या तीन मिनिटांत दिला होता. पण तो मुख्यतः जमिनीवरच्या यंत्रांवरून काढलेल्या 7.9 तीव्रतेवर बेतलेला होता आणि प्रत्यक्ष भूकंप 9.0 तीव्रतेचा होता. इवाते प्रांताला 3 मीटरच्या लाटेची सूचना मिळाली. समुद्रातल्या जीपीएस तरंगकांच्या नोंदी पाहून 15:14 ला ती 6 मीटर आणि 15:30 ला 10 मीटरहून अधिक करण्यात आली, पण तोपर्यंत वीज गेल्यामुळे सुधारित इशारा अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही. लाट किती मोठी आहे याची खूण तळावरच्या दाबात आधीच उमटली होती, ही गोष्ट मला फार लागते.

ही खूण टिपणारे यंत्र मोठे विलक्षण असते. त्यात क्वार्ट्झच्या स्फटिकाचा एक नाजूक भाग सतत कंप पावत असतो, त्यावरचा दाब बदलला की कंपनांची वारंवारता बदलते आणि त्यावरून पाण्याची उंची काढता येते. चार किलोमीटर खोलीवर वातावरणाच्या सुमारे चारशेपट दाब सोसत असतानाही पातळीतला सेंटिमीटरभराचा फरक त्याला कळतो. वर्षानुवर्षांच्या वापरात मात्र त्याचे माप हळूहळू सरकत जाते आणि मग तळच खरोखर उचलला जातो आहे की यंत्र चुकते आहे, हे ठरवणे अवघड होते.

2011 नंतर जपानने होक्काइदोपासून बोसो द्वीपकल्पापर्यंत समुद्रतळावर एस-नेट हे केबलने जोडलेल्या यंत्रांचे जाळे उभारले. त्यात सुमारे साडेपाच हजार किलोमीटर केबलवर 150 केंद्रे आहेत. भूकंपाची चाहूल जास्तीत जास्त तीस सेकंद आणि त्सुनामीची सुमारे वीस मिनिटे आधी लागावी, असा त्यामागचा हिशेब आहे. जपानच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या नानकाई गर्तेवर असलेल्या डोनेट या तशाच जाळ्याची रचना वेगळी आहे. तिथे 51 केंद्रांची यंत्रे दूरनियंत्रित पाणयानाने तळावरच मुख्य केबलला जोडली जातात आणि प्रवाहांच्या धक्क्यांनी नोंद बिघडू नये म्हणून भूकंपमापक गाळात पुरले जातात. बिघडलेले यंत्र बदलता येते, म्हणून मला ही रचना अधिक दूरदृष्टीची वाटते. एस-नेटची यंत्रे केबलच्याच अंगात बसवलेली असल्याने तिथे ती सोय नाही, पण इतका लांब पट्टा थोड्या वर्षांत व्यापायचा तर तोच मार्ग व्यवहार्य होता. नानकाई गर्तेच्या पश्चिम भागात उरलेली पोकळी आता एन-नेट या नव्या जाळ्याने भरली आहे.

सतत ऐकत राहिल्याचा लाभ इतरत्रही होतो. नानकाईच्या तळात खोदलेल्या छिद्रांतल्या दाबमापकांनी काही दिवस ते काही आठवडे चालणारी, किनाऱ्यावर कोणालाही न जाणवणारी मंद घसरण टिपली. ती साधारण आठ ते पंधरा महिन्यांनी पुन्हा होते आणि भूपट्टांमधला काही ताण गुपचूप मोकळा करते, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. भूकंपमापकांत फिन देवमाशांची 20 हर्ट्झच्या आसपासची खर्जातली सादही उमटते. सागामी उपसागरात हात्सुशिमा बेटाजवळ 1,175 मीटर खोलीवर 1993 पासून असलेल्या केंद्राच्या कॅमेऱ्याने तर तळावरच्या पांढऱ्या शिंपल्यांच्या वसाहतीची वीण पाहिली: पाणी अंशाच्या एक-दोन दशांशांनी उबदार झाले की आधी नर आणि मग माद्या आपली बीजे पाण्यात सोडतात. 2006 च्या भूकंपानंतर त्याच वसाहतीवरून चिखलाचा लोंढा गेलेला त्या कॅमेऱ्याने दाखवला. भूकंपासाठी एक केबल आणि जीवसृष्टीसाठी दुसरी असा भेद तळावर करता येत नाही, हे मला तिथे पटले.

आपल्या अरबी समुद्रातही मकरानची गर्ता आहे. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे तिथे झालेल्या भूकंपाची लाट काही तासांनी मुंबईला पोहोचली आणि शहरात माणसे दगावली. आज हैदराबादच्या इन्कॉइस या त्सुनामीचे इशारे देणाऱ्या संस्थेकडे खोल समुद्रातल्या दाबमापकांच्या नोंदी तरंगकावरून उपग्रहामार्फत येतात आणि 1945 शी तुलना करता हा फरक फार मोठा आहे. तरीही लाटा आणि वादळे झेलत उभा असलेला तरंगक आणि तळाशी वर्षानुवर्षे अखंड वीज घेत पडून राहणारी केबल यांची बरोबरी होत नाही, म्हणून मकरानच्या तळावर अशी एक केबल पडावी, असे मला मनापासून वाटते. तिचे किनाऱ्यावरचे केंद्र मात्र उंचावर बांधलेले असावे.