ठेका आणि फ्रेम

गाण्याच्या व्हिडिओसाठी अ‍ॅनिमेशन करताना मी रेखाटनाआधी ठेका मोजते. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, असतात, त्यामुळे गाण्याची गती मिनिटाला १२० ठोके असेल तर प्रत्येक ठोका बरोबर बाराव्या फ्रेमवर येतो आणि एक चित्र दोन फ्रेम धरले तरी हिशेब बिघडत नाही. गती १०० असेल तर ठोक्याला १४.४ फ्रेम लागतात; पाच ठोक्यांनी ७२ फ्रेम होऊन मेळ बसतो खरा, पण मधले ठोके जवळच्या फ्रेमवर बसवावे लागतात. कोणतेही तंत्र या हिशेबात कसे मुरते, यावरच व्हिडिओचा जिवंतपणा ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

आ-हा या नॉर्वेच्या बँडचा, स्टीव्ह बॅरन यांनी दिग्दर्शित केलेला 'टेक ऑन मी'चा १९८५ चा व्हिडिओ म्हणूनच मला पुन्हापुन्हा पाहावासा वाटतो. चित्रित केलेल्या दृश्यांवरून मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी सुमारे तीन हजार फ्रेम पेन्सिलीने रेखाटल्या. प्रत्येक चित्रातील रेघ आधीच्या चित्रातील रेघेवर तंतोतंत बसत नाही, म्हणून माणूस स्तब्ध उभा असतानाही त्याची आकृती थरथरत राहते, आणि त्या थरथरीला गाण्याच्या धावत्या लयीची साथ मिळते. ती पुसून गुळगुळीत केली असती, तर व्हिडिओचा प्राणच गेला असता. चित्रित दृश्य गिरवण्याच्या या पद्धतीच्या पेटंटसाठी अमेरिकेतील अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ मध्ये अर्ज केला होता. त्याच वर्षी आपल्याकडे दादासाहेब फाळके आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट करत होते, याचा मला फार अभिमान वाटतो.

ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल यांच्या 'स्लेजहॅमर' गाण्याच्या व्हिडिओमध्ये (१९८६) माणसालाच बाहुलीसारखे फ्रेमगणिक हलवले आहे. त्यासाठी गॅब्रिएल तब्बल १६ तास काचेखाली पडून राहिले. या पद्धतीत हालचालीला अटळपणे बसणारे हिसके तालवाद्याच्या आघातांशी एकरूप होतात.

पुण्यात स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्या तरुण मंडळींनी आपल्या तालांना साजेशी साधने शोधावीत, असे मला मनापासून वाटते. एका मैत्रिणीच्या, जात्यावरच्या ओवीच्या चालीवर बांधलेल्या गाण्यासाठी मी सध्या रांगोळी वापरते आहे. तिथे ठोक्यापेक्षा जात्याचा फेरा महत्त्वाचा, म्हणून मी फ्रेम फेऱ्यागणिक वाटून घेते. रांगोळी चिमटीने वाढवता येते, पण जमिनीवर डाग न ठेवता उचलता येत नाही; म्हणून आकृती विरताना दाखवायची असेल, तर ती आधी चिमटीचिमटीने पूर्ण करत टिपायची आणि फ्रेमचा क्रम उलटा लावायचा.