सायटिका म्हणून गेले, दुखणं निघालं कुल्ल्यातलं

उजव्या कुल्ल्यातून कळ निघायची ती मांडीच्या बाहेरच्या बाजूने पार पोटरीपर्यंत. स्कूटीवरून उतरले की पाय टाकता यायचा नाही. नाशिकरोडहून अंबडला रोजचं जाणंयेणं, द्वारकेला ट्रॅफिकमध्ये पाय टेकवून ताटकळायचं, ऑफिसात मार्च एंडिंग म्हणजे खुर्चीवरून उठायचंच नाही. कंबर आणि पाय एकदम दुखायला लागले की निदान आपल्याकडे घरातच होतं, सासूबाई म्हणाल्या सायटिका, शेजारच्या काकू म्हणाल्या नस दबलीये, ऑफिसातल्या एकाने तर नस बसवून देणाऱ्या माणसाचा नंबरच पाठवला.

मी आधी ऑर्थोपेडिककडे गेले. त्यांनी मला उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला, ह्यात साधारण 30 ते 70 अंशांच्या मध्ये गुडघ्याखाली करंट मारल्यासारखी कळ गेली तर नसेवर संशय घेतात. मला फक्त मांडीमागे ताण आला. मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पायाचा अंगठा वर दाबून धरायला लावला, आणि विचारलं की लघवी-संडासवर कंट्रोल आहे ना, बसायच्या जागी बधिरपणा नाही ना. कंट्रोल गेला किंवा असा बधिरपणा आला तर कुणीही सरळ हॉस्पिटल गाठायचं, मालिशबिलिश काही नाही, विचारायला लाज वाटली तरी हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

एमआरआयमध्ये एल फोर-एल फाइव्हला, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज (मधली गादी बाहेर फुगलेली) आलं आणि घरात सुतकी वातावरण. डॉक्टर मात्र निवांत. म्हणाले, अहो ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचेही स्कॅन बघितलेत, 2015 साली त्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात विशीतल्या 30 टक्के लोकांना बल्ज होतं आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांना. मग त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली.

फिजिओ मॅडम इंदिरानगरच्या, वयाने माझ्यापेक्षा लहान पण हात असा की विचारू नका. त्यांनी मला डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली, आणि कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, खिशाच्या थोडं पुढे म्हणा, अंगठ्याने खोल दाबलं. पोटरीत कळ! बोट कुल्ल्यावर आणि दुखतंय खाली, मी उठून बसायचीच बाकी होते. त्या म्हणाल्या, "ताई, हेच ना तुमचं दुखणं? नेमकं हेच?" हेच होतं.

त्या स्नायूचं नाव ग्लुटियस मिनिमस. तो आखडून त्यात गाठीसारखी जागा झाली की दुखणं पायाच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत उतरतं, अगदी सायटिकाच वाटावं असं. ह्याला रेफर्ड पेन म्हणतात. म्हणजे स्नायूतून आणि पायातून येणारे निरोप मणक्यात एकाच ठिकाणी गोळा होतात आणि मेंदूला पत्ता चुकतो, हार्ट अटॅकमध्ये डावा हात दुखतो तसलंच. खरी सायटिका म्हणजे मणक्यातून निघणाऱ्या एल फोर ते एस थ्री ह्या नसांच्या मुळांपासून बनलेली, पायात उतरणारी ती जाड सायटिक नस चिडणं, तिथे मुंग्या, बधिरपणा, जळजळ, आणि दुखणं एका बारीक रेषेत पावलापर्यंत. माझं होतं खोल, बोथट, नक्की कुठे ते बोटाने दाखवता न येणारं. दोन्ही एकत्र असू शकतं असंही मॅडमनी बजावलं.

मालिश म्हणजे तेल चोळणं ही माझी कल्पना, तिथे तेल अगदी नावाला. एक जागा धरून दाब द्यायचा, सहन होईल एवढाच, दुखणं विरघळायला लागलं की सोडायचं आणि पुढची जागा. कधी अंगठा, कधी कोपर. श्वास रोखला की ओरडायच्या. दुसऱ्या दिवशी मार खाल्ल्यासारखं ठणकायचं, मग गरम पाण्याची पिशवी. कुल्ल्याच्या मधोमध दाबताना मुंग्या आल्या की त्या लगेच हात काढायच्या, कारण तिथे पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून सायटिक नस जाते आणि तिच्यावर जोर देऊन फायदा काही नाही, ती चिडते फक्त. (नस बसवणाऱ्यांकडे मी गेले नाही ते ह्याचसाठी बरं झालं.)

पण खरं सांगू, नुसत्या मालिशने एक-दोन दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणारी नाइस नावाची संस्था आहे, तिच्या 2016 च्या कंबरदुखी-सायटिकाच्या गाइडलाइन्समध्येही मालिश व्यायामासोबतच करा म्हटलंय. माझा फरक पडला तो कुशीवर झोपून पाय वर उचलायच्या कंटाळवाण्या व्यायामाने आणि ऑफिसात फोन आला की उठून चालत बोलायच्या सवयीने. सासूबाईंचं महानारायण तेल चालूच आहे, त्यांचं समाधान आणि वास मला आवडतो.

आता रोजचं काही नाही. मुंबईला गाडीने जायचं असलं की मात्र कसारा घाटाच्या आधीच तो कुल्ला बोलायला लागतो, मग घोटीला गाडी थांबवायची, चहा होईपर्यंत येरझाऱ्या घालायच्या आणि टेनिस बॉल ढाब्याच्या भिंतीला लावून त्यावर कुल्ला टेकवून उभं राहायचं. नवरा तेवढ्यात लांबच्या टेबलावर जाऊन बसतो, ओळख दाखवत नाही.