पाण्याचा ग्राफ चढला

आठवडा झाला, डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढते.

लॅबमध्ये माझं काम म्हणजे पानांच्या डिस्क पाडणं, खरंच. अराबिडॉप्सिस या छोट्या रोपट्याची पानं, 4 मिलिमीटरचा बोअरर म्हणजे गोल चकती कापायची धारदार नळी, 96 वेलची म्हणजे छोट्या खळग्यांची प्लेट, एका वेलमध्ये एक डिस्क, आणि रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवायची. कापल्याचा धक्का ओसरायला हवा ना, ताजी डिस्क आधीच बोंबलत असते. सकाळी पाणी काढून ल्युमिनॉल, पेरॉक्सिडेज आणि आपला नमुना घालायचा. पान सावध झालं की हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं, त्याने अगदी मंद उजेड पडतो आणि मशीन तो मोजतं.

माझा नमुना म्हणजे पेक्टिनचे तुकडे. हा माझा लाडका विषय, जरा सहन करा. पेक्टिन हे पेशीच्या भिंतीतलं कार्बोहायड्रेट, त्यात गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या कड्यांच्या लांबच लांब साखळ्या असतात. अळीने चावलं किंवा बुरशी घुसली की त्यांचे तुकडे पडतात आणि शत्रू कोण हे कळायच्या आधीच झाडाला आपली भिंत फुटल्याचं कळतं. पण तुकडा मापाचा लागतो, साधारण 10 ते 15 कड्यांचा. पेक्टिन कापायला घातलेलं एन्झाइम जरा जास्त वेळ चाललं की नुसता भुगा, आमच्या टेस्टमध्ये सरळ रेघ. म्हणून घड्याळ लावून बसायचं, वेळ झाली की उकळून एन्झाइम मारायचं, मग इथेनॉल घातलं की लांब तुकडे खाली बसतात, बारीक वरच राहतात. ही बॅच मी स्वतः केलेली आणि फार सुंदर उतरलेली, मला तिचा थोडा माजच होता.

तर मंगळवारी प्लेट लावली आणि नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेल्या वेल्सचा ग्राफ, जो सपाट राहायला हवा, तोच चढायला लागला.

ल्युमिनॉल बदललं, पेरॉक्सिडेज बदललं, दुसऱ्या दिवशी तेच. शेजारच्या टेबलवरचा पोस्टडॉक म्हणाला, "अगं बॅकग्राउंड आहे, वजा कर आणि पुढे जा." याचं सगळ्यावर हेच औषध.

शेवटी एक डिस्क मायक्रोस्कोपखाली धरली. नीट कापलेल्या डिस्कची कड स्वच्छ असते. हिची कड काळपट हिरवी, पाणी प्यायल्यासारखी, पेशींच्या दोन-तीन ओळी चेंगरलेल्या आणि एका बाजूला फाटलेली शेपटी. बोअरर बोथट झालेला! आमच्याकडे त्याच बोअररने लोक रबरी बुचांना भोकं पाडतात, सांगून सांगून थकले.

मग अर्धी प्लेट जुन्या बोअररची, अर्धी नव्याकोऱ्या पंचची, झाडं तीच, बॅच तीच. नव्या पंचच्या डिस्कला पाण्यात काही नाही आणि पेक्टिन दिल्यावर वीसेक मिनिटांत छान डोंगर. जुन्याच्या डिस्क सुरुवातीलाच वर, आणि पेक्टिन दिलं तर डोंगर जेमतेम अर्धा. म्हणजे आधीच ओरडून दमलेलं पान नव्या इशाऱ्याला पुन्हा तेवढ्या जोरात ओरडत नाही, आणि ते वजाबाकीने भरून निघत नाही.

लाज याची वाटते की हे मला माहीत होतं. 1972 मध्ये ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की बटाट्यावरच्या भुंगेऱ्यांनी पानं कुरतडली की किड्यांचं पचन बिघडवणारी प्रोटीन्स पानांत साठतात, न चावलेल्या पानांतसुद्धा. नुसत्या जखमेनेही ते होतं. पुढे त्यांच्याच लॅबच्या कामातून कळलं की पेक्टिनच्या तुकड्यांनीही हेच सुरू करता येतं. हे मी नव्या मुलांना दर वर्षी शिकवते, आणि आपल्या हातातला बोअररही भुंगेराच आहे हे डोक्यात आलं नाही.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी आम्ही एका म्यूटंटबद्दल, म्हणजे जनुकात बदल असलेल्या झाडाबद्दल, 'प्रतिसाद देत नाही' असं ठरवलं होतं. तेव्हाही पाण्याचे आकडे जरा वर होते, आणि ते वजा मीच केले होते. बोअरर? हाच. किती बोथट होता तेव्हा, कुठे लिहिलंय.

सरांना सांगितलं. म्हणाले, "पुन्हा कर, पण हातातलं आधी संपव." त्यांचंही बरोबर असेल. मी त्याच संध्याकाळी म्यूटंटचं बी पेरलं, पानं कापण्याजोगी व्हायला चार-पाच आठवडे जातील. जुना बोअरर तुलनेला लागेल म्हणून कुलपात ठेवलाय, आणि काल पोस्टडॉक विचारत होता की बुचाला भोक पाडायचंय, बोअरर कुठे गेला.