लंगोटाचा कागद

आमचं दुकान कोल्हापुरात, गंगावेशीत. सासरे होते तोवर तालमीतल्या पोरांचे लंगोट शिवायचे. मी ब्लाऊज आणि पिको-फॉल करते. त्यांचा लंगोट बेतायचा कागद अजून खिळ्याला लटकलाय. तेल लागून पिवळा पडलाय, पण टाकवला नाही.

संक्रांतीला आमच्या भिशीत ठरलं, या वर्षी वाणाचे प्लॅस्टिकचे डबे नकोत. तेच पैसे काढून उघड्यावर राहणाऱ्या बायकांना पॅड द्यायचे. जनऔषधीच्या दुकानात 'सुविधा' पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतं. हजार रुपयांत हजार पॅड! आम्ही खूश. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, चार-सहा तासांनी बदलायचं तर पाच दिवसांना वीसेक लागतात. म्हणजे पन्नास बायका, आणि तेही एकच महिना.

एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, पंचगंगा घाट. पेपरात गुंडाळलेली पॅकेटं घेऊन तीन संध्याकाळी फिरलो. अंबाबाईच्या देवळाजवळ बसणाऱ्या एकीला आमच्यातल्या वहिनींनी विचारलं, "चार दिवस काय करतीस गं? बाहेर बसतीस?"

ती म्हणाली, "मी कायमच भायेर हाय की, वहिनी."

वहिनी परत येताना रिक्षात काही बोलल्या नाहीत.

स्टँडवर चाळिशीची एक बाई आहे. तिनं पॅकेट फोडलं, पॅडची मागची पट्टी सोलून बघितली आणि म्हणाली, "ह्ये चिकटवू कशाला? आत काय घातलंय मी?"

कपाटात निकरांचा ढीग असलेल्या आम्ही अकराजणी, एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मग गांधीनगरातून डझनाच्या भावानं निकरा आणल्या. आठवडाभरानं विचारलं तर दोघींच्या चोरीला गेलेल्या, एकीला ओलीच घालून जांघेत खाज सुटलेली. धुवायची कुठं, वाळवायची कुठं? स्टँडवर संडासला जायचे पैसे वेगळे, आंघोळीचे वेगळे. एकीनं पाच पॅकेटं टपरीवर विकून वडापाव खाल्ला, त्यावर भिशीत अर्धा तास भांडण. मला तर राग आला नाही. भूक रोज लागते, पाळी महिन्यातनं एकदा.

"मग एरवी काय करतीस?" मी स्टँडवरचीला विचारलं. तिनं पिशवीतनं जुन्या परकराचा फाडलेला तुकडा काढला, कमरेच्या नाडीत पुढनं खोवला, मागनं खोवला. "अस्सं. धुऊन पुढच्या म्हैन्यात परत त्योच."

मी घरी आले आणि खिळ्यावरचा कागद काढला.

लंगोटाची पट्टी अरुंद केली, कमरेला नाडी, पुढं-मागं एकेक फास. पट्टीला दोन्ही टोकांनी उघडा खिसा, त्यात जुन्या सुती साडीची घडी सरकवायची. घडी शिवून टाकायची नाही, हे मी पहिल्या चारांत चुकले. जाड शिवलेलं आतून वाळत नाही आणि वास धरतं. सुटी घडी उलगडली की एका उन्हात कडक. ज्यांना विकतचं पॅड हवं त्या तेच पट्टीला चिकटवतात.

पहिली खेप पांढऱ्या कापडाची होती. मला स्वच्छ वाटलं. स्टँडवरचीनं हातात धरून लगेच परत केलं. "पांढरं नको, ताई. रेलिंगवर टाकलं की सगळ्या स्टँडला कळतंय. रुमाल वाटंल असं दे." आता मी गडद, फुलाफुलांचं कापड वापरते. ब्लाऊजची कातरणं असतातच.

पावसाळ्यात मात्र हे सगळं बंद. कोल्हापूरचा पाऊस, माझ्याच घरात टॉवेल चार दिवस ओला असतो. घाटावर तर पाणी चढलं की बायका कुठं जातात ते शोधण्यापासनं सुरुवात. जूनपासून चार महिने परत एक रुपयावालं पॅड, सोबत जुने पेपर गुंडाळून टाकायला. पॅड भांड्यात टाकून पाइप तुंबवला म्हणून एका संडासवाल्यानं आमच्या बायकांना आत सोडायचं बंद केलं होतं. झाकणाचा डबा नेऊन ठेवला, तेव्हा मिटलं.

परवा ती स्टँडवरची पहिल्यांदा दुकानात आली. उंबऱ्याबाहेरच उभी. आत ये म्हटलं तर म्हणाली, "पाय मळल्यात." लंगोट पुढं केला.

"ह्याला आतनं खिसा लावशील? झोपंत पिशवी पळवत्यात."

"किती मोठा?"

तिनं आधार कार्ड आणि चौघडी केलेली शंभराची नोट माझ्या मशीनवर ठेवली. मी खडूनं भोवती रेघ मारली, शिलाईला अर्धा इंच सोडला, अस्तराचा तुकडा कापला.

"वर हूक लावू?"

"हूक नको गं, कुशीवर झोपलं की टोचतंय. बटण लाव."