गोट फेल: 874 मीटर, सगळे पायीच

स्कॉटलंडमध्ये 3,000 फुटांवरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात. ॲरन बेटावर एकही मन्रो नाही. बेटावरचा सर्वांत उंच डोंगर गोट फेल 874 मीटरचा आहे, म्हणजे त्या रेषेच्या जेमतेम 40 मीटर खाली. तो मोडतो कॉर्बेटमध्ये, म्हणजे 2,500 ते 3,000 फुटांच्या डोंगरांत. एवढ्यावरून लोक त्याला सोपा समजतात आणि तिथेच चुकतात. मुख्य भूमीवरच्या बऱ्याच मन्रोंची वाट दोनशे-चारशे मीटर उंचीवरच्या रस्त्यापासून सुरू होते. इथे सुरुवात समुद्रकाठी आहे, त्यामुळे 874 पैकी जवळजवळ प्रत्येक मीटर स्वतः चढावा लागतो.

नेहमीची वाट ब्रॉडिक गावाच्या उत्तरेला, ब्रॉडिक किल्ल्याजवळच्या क्लॅडॅखहून निघते. जाऊन-येऊन साधारण 11 किलोमीटर. वेळेचा अंदाज नेस्मिथच्या नियमाने काढा: दर 5 किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. चढतानाचे साडेपाच किलोमीटर आणि 874 मीटर धरले की अडीच तास होतात. यात विश्रांती नाही, वारा नाही, दगडांतली सावकाश पावले नाहीत. म्हणून पूर्ण फेरीला पाच ते सात तास हाताशी ठेवावेत. डिसेंबरच्या शेवटी उजेडच सात तासांचा असतो, तेव्हा सॅकमध्ये हेडटॉर्च हवाच.

आधी झाडी लागते, मग हरणांसाठीच्या कुंपणाचे फाटक (मागे बंद करायला विसरू नका), मग हेदरच्या बुटक्या झुडपांचा उघडा उतार. इथवर वाट बांधलेली आणि स्पष्ट आहे. मील ब्रेक नावाच्या खांद्यावर पोचलात की वाट पश्चिमेकडे वळून पूर्वधारेवर चढते आणि खरा डोंगर सुरू होतो: ग्रॅनाइटचे मोठाले धोंडे, मधूनमधून हात टेकायची वेळ. माथ्यावर नकाशासाठीच्या मोजणीचा (त्रिकोणमितीचा) खांब आहे. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला किंटायर द्वीपकल्पापलीकडे जुरा बेटाची शिखरे, दक्षिणेला एल्सा क्रेग बेट आणि आयर्लंडचा किनारा दिसतो.

अडचणी बहुतेक उतरताना येतात. इथला ग्रॅनाइट साधारण 6 कोटी वर्षांपूर्वीचा, भरड दाण्याचा. कोरड्या कातळावर बूट छान पकडतो. पण तोच दगड झिजून त्याची जाड रेती होते, ती कातळाच्या उतारावर पसरते आणि पाय छर्ऱ्यांवर पडल्यासारखा सटकतो. अशा घसाऱ्यावर लांब टांगा टाकू नका. पूर्ण तळवा टेकवत, छोटी पावले टाका.

धुके असेल तर दोन जागा सांभाळा. पहिली माथ्यावर: खांबापासून पूर्वेलाच निघायचे, कारण पश्चिमेचा उतार थेट ग्लेन रोझाच्या दरीत कोसळतो. दुसरी मील ब्रेकच्या खांद्यावर: तिथून एक वाट कॉरी गावाकडे उतरते आणि ब्रॉडिकची उजवीकडे, दक्षिणेच्या अंगाला वळते. माथा सोडण्याआधीच होकायंत्रावर दिशा लावून घ्या. नकाशा म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्स्प्लोरर 361 पुरतो. फोनची बॅटरी थंडीत लवकर बसते, म्हणून कागदी प्रत जवळ असावी. माथ्यावर किनाऱ्यापेक्षा पाच-सहा अंश कमी तापमान धरा. वारा असेल तर अंगाला त्याहून बरेच कमी जाणवते.

माझ्या मते सगळ्यात देखणी फेरी उत्तरेकडून आहे. माथ्यावरून स्टॅकॅखच्या सुळक्यांची धार ओलांडून 818 मीटरच्या नॉर्थ गोट फेलवर, तिथून सॅडल खिंडीत आणि पुढे ग्लेन रोझामधून ब्रॉडिकला. समोर कीर व्होरचा टोकदार सुळका सारखा सोबतीला असतो. सुळक्यांवरून जायचे नसेल तर पूर्वेच्या अंगाने खालून वाट आहे. नॉर्थ गोट फेल ते सॅडल हा उतार मात्र तीव्र, खडकाळ आणि रेताड आहे. आधी खडकांतून हात लावत उतरण्याचा सराव नसेल, किंवा दगड ओले असतील, तर आल्या वाटेने परत फिरा.

ऑगस्टच्या मध्यापासून 20 ऑक्टोबरपर्यंत नर हरणांच्या शिकारीचा भर असतो. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने डोंगरात फिरायचा हक्क आहे, पण तो जबाबदारीने वापरायचा. पाट्या वाचा आणि सुचवलेल्या वाटा धरा. उन्हाळ्यात वारा पडला की मिजेस नावाच्या बारीक चावऱ्या माश्या हैराण करतात. नेच्यांतून गेलात तर संध्याकाळी गोचिडी तपासा, विशेषतः गुडघ्यामागे आणि जांघेत. त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही.

अपघात झाला तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे. दरीत फोनवर बोलता येत नाही तिथे कधी कधी एसएमएस पोचतो, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी करावी लागते: 999 वर रजिस्टर हा शब्द इंग्रजीत पाठवायचा आणि आलेल्या उत्तराप्रमाणे पुढे करायचे. हे घरीच उरकून ठेवा.

जोराच्या वाऱ्यात ब्रॉडिकची बोट रद्द होते. एका दिवसात येऊन-जाऊन चढायचा बेत असेल तर शेवटच्या बोटीची वेळ आधी पाहा आणि त्यावरून उलटे मोजत परत फिरायची वेळ ठरवा. माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी ती वेळ पाळा.