मेसेज पोचला नाही हे दिसतं, मग पुढे काय?

मी बल्क मेसेजिंगमधे आहे, म्हणजे बँका, दवाखाने, कंपन्यांचे मेसेज आमच्या सर्व्हरवरून ऑपरेटरकडे जातात. गेल्या द्राक्ष हंगामातली एक केस अजून डोक्यातून जात नाहीये.

क्लायंट नाशिककडचा, बागायतदारांना हवामान आणि फवारणीचा सल्ला पाठवणारा. त्यांना एसएमएसवरून आरसीएसवर, म्हणजे इंटरनेटवरून फोनच्या मेसेज अ‍ॅपमधेच येणाऱ्या नव्या प्रकारच्या मेसेजवर, आम्हीच आणलं आणि ते योग्यच होतं. मराठी एसएमएसचा छळ बाहेरच्याला कळणार नाही. इंग्रजीत १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०, लांबला की तुकड्याला ६७च, त्यात काना-मात्रा, जोडाक्षराचं हलंत सगळं वेगळं मोजतात, नुसता 'द्राक्ष' शब्द ७ जागा खातो. औषध, प्रमाण, पावसाचा अंदाज लिहिला की ३ मेसेजचे पैसे. वर डीएलटीवर, म्हणजे कंपन्यांना मेसेजचा मजकूर आधी नोंदवावा लागतो त्या यंत्रणेवर, मंजूर झालेल्या टेम्प्लेटमधला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी ऑपरेटर मेसेज अडवतो. आरसीएसमधे फोटो जातो, व्हेरिफाइड नाव दिसतं, सल्लागाराला थेट फोन लावायचं बटण देता येतं, आणि मुख्य म्हणजे मेसेज पोचल्यावर तो वाचला का तेही कळतं.

त्या दिवशी सकाळी अवकाळीचा इशारा सोडला. बागा फुलोऱ्यात, पाऊस झाला की डाउनी हा बुरशीचा रोग येणार, म्हणजे फवारणी आधीच व्हायला हवी. दुपारी रिपोर्ट उघडला तर निफाड, दिंडोरीचे बरेच नंबर नुसते 'सेंट'वर थांबलेले, म्हणजे मेसेज गेला पण फोनवर पोचला नाही. आरसीएसला इंटरनेट लागतं, एसएमएसला लागत नाही. डेटा बंद असला, पॅक संपला असला की मेसेज सर्व्हरवरच पडून राहतो. त्यासाठीच फॉलबॅक असतो, ठरल्या वेळेत पोचला नाही तर आरसीएस मागे घ्यायचा, म्हणजे रिव्होक करायचा, आणि साधा एसएमएस सोडायचा. क्लायंटने ही वेळ २४ तास ठेवून घेतली होती, एसएमएसचा खर्च वाचवायला. ओटीपीला मिनिटं मोजतात आणि पिकाच्या इशाऱ्याला अख्खा दिवस, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मी लगेच क्लायंटला फोन लावला, "रिव्होक करून एसएमएस सोडू का?" तिकडचा पोरगा चांगला आहे, पण त्याच्या हातात काही नाही. म्हणाला, "दादा, बजेटचं आहे, सरांना विचारावं लागेल." सर मीटिंगमधे. मंजुरी संध्याकाळी आली, तोवर काही गावांत पाऊस सुरूही झाला होता.

जास्त त्रास होतो तो दुसऱ्या यादीचा. मेसेज पोचलाय पण वाचलेला नाही. तो मागे घेता येत नाही, फॉलबॅकही लागत नाही. एसएमएसच्या काळात हे लोक आम्हाला दिसतच नव्हते, आता नंबरासकट समोर असतात. माझं म्हणणं, इशाऱ्याच्या दिवशी ही यादी दुपारीच क्लायंटच्या फिल्डच्या माणसांकडे जावी आणि त्यांनी फोन करावेत. त्यांचं म्हणणं, मेसेज पोचला म्हणजे आपली जबाबदारी संपली. फॉलबॅक अर्ध्या तासावर आणायला ते तयार झालेत, यादीवरून मात्र अजून वाद चालू आहे आणि मी तो सोडणार नाहीये.